दृष्टिदोष आणि निवडीचा प्रश्न

काही महिन्यांपूर्वी माझी पुतणी एक फाइल घेऊन माझ्याकडे आली. तिचे वय चोवीस. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे पाच, आणि तो गेली तीन वर्षे स्थिर आहे. फाइलमध्ये तिच्या पारपटलांचे, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्यांचे, रंगीत नकाशे होते. जाडी, वक्रता, बाहुलीचा व्यास यांची कोष्टके होती. आणि अखेरीस एक संमतिपत्र होते, ज्यावर सही व्हायची होती. लेसर शस्त्रक्रियेस हे डोळे योग्य आहेत, असा निर्वाळा नेत्रतज्ज्ञांनी दिलेला होता. तिच्या वडिलांचे म्हणणे, तुझे तू ठरव. आईचे म्हणणे, करायचीच तर लग्नाआधी कर. मला तिने एवढेच विचारले : ‘‘काका, २००१ साली तुम्ही जाऊन तसेच परत आलात, ते का?’’

‘करता येईल का?’ या प्रश्नाला तज्ज्ञांनी होकार दिला होता, ‘करावे का?’ हा प्रश्न उरला होता, आणि तो सोडवणारे यंत्र कोणत्याही दवाखान्यात नसते. मला चटकन उत्तर देता आले नाही. गेली दोन तपे मी ज्याला त्याला जे सांगत आलो, ते तिला सांगावेसे वाटेना. त्या अडखळण्याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

या शस्त्रक्रियेत नेमके काय घडते, हे प्रथम पाहावयास हवे. कारण नैतिक प्रश्नांची आपल्याकडील चर्चा पुष्कळदा वस्तुस्थितीच्या अज्ञानावर पोसली जाते. निकटदृष्टी असणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्याचा गोल मागच्या बाजूस किंचित लांबलेला असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. लेसर या लांबीला हात लावत नाही. तो समोरचे पारपटल मध्यभागी चपटे करतो, म्हणजे प्रतिमा तेवढी मागे सरकते. सहा मिलिमीटर रुंदीच्या क्षेत्रात एक डायॉप्टर नंबर घालवावयाचा तर मध्यभागी सुमारे १२ मायक्रॉन जाडीचा थर नाहीसा करावा लागतो. पुतणीच्या बाबतीत हा हिशेब ६० मायक्रॉनच्या घरात जातो, आणि तिच्या पारपटलाची जाडी ५४० मायक्रॉन आहे. म्हणजे एका निरोगी, नितळ पडद्याचा नववा हिस्सा कायमचा जाणार. दोष गोलाच्या लांबीत आणि छिन्नी चालते पारपटलावर! डोळा मात्र आतून लांबलेलाच राहतो. दृष्टिपटल ताणले गेल्याने संभवणारे धोके नंबर गेल्यानंतरही राहतात. ‘माझा नंबर गेला’ हे वाक्य आपण आनंदाने उच्चारतो खरे, पण डोळ्याच्या दृष्टीने ते अर्धसत्य आहे.

या तंत्राच्या जन्मकथेत एक भारतीय माणूस आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. १९२९ साली मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे रसायनशास्त्रज्ञ न्यूयॉर्क राज्यातील आय. बी. एम.च्या प्रयोगशाळेत काम करीत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, घरी उरलेले टर्कीचे मांस ते प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि त्यांनी त्यावर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील लेसर सोडला. मांसात स्वच्छ, रेखीव खाच पडली. शेजारचा भाग जळला नाही, काळवंडलाही नाही. जेम्स वाइन आणि सॅम्युअल ब्लम हे त्यांचे सहकारी. पुढे १९८३ साली नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासह हा लेसर पारपटलावर वापरण्याची शक्यता मांडली गेली. सणाच्या उरल्यासुरल्या अन्नातून निघालेली ही वाट आज पुतणीच्या फाइलपर्यंत येऊन पोहोचली आहे. एका झोताने पाव मायक्रॉन ऊतक नाहीसे करणाऱ्या या अचूकतेपुढे नतमस्तक व्हावे, असेच कोणालाही वाटेल. अचूकता हा हत्याराचा गुण आहे. ते कोठे चालवावे, हे त्याला विचारता येत नाही.

निकटदृष्टीला ‘दोष’ म्हणावे का, हा पहिला तात्त्विक प्रश्न. मराठी भाषेने याबाबत एक मौजेची निवड केली आहे. वयपरत्वे जवळचे दिसेनासे झाले की जो चष्मा लागतो त्याला आपण ‘चाळीशी’ म्हणतो. वय आणि उपकरण यांना एकच नाव! म्हणजे ही दृष्टीची घट भाषेने आयुष्याचा एक टप्पा म्हणून स्वीकारली. लांबच्या नंबराला मात्र असे आपुलकीचे नाव मिळाले नाही. त्याला नुसता ‘नंबर’. तो ‘लागतो’, ‘वाढतो’ आणि कोणाचा ‘उतरतो’. इतिहासही याला पूरक आहे. १२८० च्या दशकात इटलीत पिसाच्या परिसरात जो पहिला चष्मा निघाला तो बहिर्गोल भिंगांचा, म्हणजे चाळीशीच होती. दूरचे न दिसणाऱ्यांना अंतर्गोल भिंगांसाठी पंधराव्या शतकाची वाट पाहावी लागली. ही भिंगे डोळ्यात नेमके काय करतात, ते केप्लरने १६०४ साली सांगेपर्यंत कोणालाच नीटसे कळलेले नव्हते. आमच्या समीक्षेच्या परिभाषेत मात्र चष्म्याला वाईट दिवस आले. ‘विशिष्ट चष्म्यातून पाहणे’ म्हणजे पूर्वग्रह, असे आम्ही पन्नास वर्षे लिहीत आलो. ज्याच्या नाकावर चष्मा आहे त्याला हे रूपक नेहमीच थोडे हास्यास्पद वाटत आले असणार. त्याच्याजवळ सत्य जे काही येते, ते चष्म्यातूनच येते.

मला पहिला चष्मा अकराव्या वर्षी लागला. फळ्यावरचे अक्षर मला दिसत नाही हे मलाच ठाऊक नव्हते. सर्वांना तसेच धूसर दिसत असावे आणि हुशार मुले ते अंदाजाने वाचत असावीत, अशी माझी समजूत होती. चष्मा लावून दुकानाबाहेर आलो तेव्हा समोरच्या घराच्या छपरावरचे प्रत्येक कौल वेगळे दिसले. छप्पर म्हणजे एक तांबडा ढीग, असे मी तोवर समजत होतो. त्या क्षणी माझे जग बदलले, पण कोणी माझी संमती विचारली नव्हती. वडिलांनी नेले, भिंगे बदलून बदलून पाहिली, संपले. चष्म्याच्या बाजूने बोलणारे लोक नैसर्गिकतेचा कैवार घेतात तेव्हा हे विसरतात, की चष्मा हाही निसर्गावरचा हस्तक्षेपच आहे. फरक इतकाच, की तो रात्री काढून ठेवता येतो. हा फरक मात्र लहान नाही. माझा नंबर पुढे उणे सहावर स्थिरावला. चष्मा काढला की माझ्या डोळ्यांना साधारण सतरा सेंटिमीटरपर्यंतचेच जग स्पष्ट दिसते. वीतभरही नव्हे. त्या वीतभर जगात पुस्तक मात्र सुखाने मावते.

निरोगी अवयवावर शस्त्र चालवावे का, याचा विचार करताना महात्मा गांधींची आठवण होते. १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये त्यांनी डॉक्टरांवर कठोर टीका केली. माणूस चुकतो, डॉक्टर त्याला औषध देऊन चुकीच्या परिणामातून सोडवतो, आणि मग आत्मसंयमाची गरजच उरत नाही, असा तिचा रोख होता. तेच गांधीजी १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगातून पुण्याच्या ससून रुग्णालयात आणले गेले, आणि कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. यात विसंगती शोधणाऱ्यांना ती सापडेलच. मला त्यात दुसरे काही दिसते. आंत्रपुच्छ सुजले की माणसाला निवड फारशी नसते. जगायचे की नाही एवढाच प्रश्न, आणि त्याचे उत्तर शरीर आधीच देऊन बसलेले असते. लेसरच्या बाबतीत शरीर काहीच सांगत नाही. दुखत नाही, वाढत नाही, तातडी नाही. शस्त्रक्रिया केली नाही तरी माणूस चष्मा लावून ऐंशी वर्षे जगेल. इथे निर्णयाचा सगळा भार इच्छेवर येऊन पडतो, आणि इच्छा ही काही स्वच्छ वस्तू नव्हे.

काळाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. जपानमध्ये त्सुतोमु सातो या नेत्रतज्ज्ञाने १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून पारपटलावर आतील बाजूने छेद घेऊन नंबर कमी करण्याचे तंत्र वापरले. आरंभी परिणाम चांगले दिसले. पारपटलाच्या आतल्या बाजूस पेशींचा एकच पातळ थर असतो. तो पडद्यातले पाणी सतत बाहेर टाकून त्याला पारदर्शक ठेवतो, आणि त्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते. वीसेक वर्षांनी त्या रुग्णांपैकी बहुतेकांची पारपटले सुजून गढूळ होऊ लागली. म्हणजे ज्यांनी तिशीत चष्मा टाकला त्यांना पन्नाशीत त्या निर्णयाचे खरे रूप समजले. पुढे मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी बाहेरून अरीय छेद घेण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकेत तिची पद्धतशीर पाहणी झाली, आणि १९९४ साली दहा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४३ टक्के डोळ्यांचा नंबर त्या काळात एक डायॉप्टर वा त्याहून अधिक विरुद्ध दिशेला सरकला होता. हे सांगून मला कोणाला भिववायचे नाही. एक्झायमर लेसर ही वेगळी आणि कितीतरी सुरक्षित गोष्ट आहे. दिसत्या मानवी डोळ्यावर तो प्रथम १९८८ मध्ये वापरला गेला, आणि आज त्याच्यामागे तीन दशकांहून अधिक अनुभव आहे. मला फक्त एवढेच दाखवायचे आहे, की निर्णयाचे वय आणि निकालाचे वय एक नसते. सातोकडे गेलेल्यांनी अविचार केला होता असे म्हणता येत नाही. त्यांनी उपलब्ध ज्ञानावर, योग्य माणसावर विश्वास ठेवला होता.

आता आजच्या आकड्यांकडे येऊ. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुढाकाराने झालेल्या ‘प्राउल’ नावाच्या दोन पाहण्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांना चकाकी, दुहेरी प्रतिमा, दिव्यांभोवती वलये असा कोणताही त्रास नव्हता, त्यांच्यापैकी एका पाहणीत ४३ आणि दुसरीत ४६ टक्के लोकांनी तीन महिन्यांनंतर असा निदान एक नवा त्रास नोंदवला. त्याच पाहण्यांत आपल्या दृष्टीबद्दल समाधानी असणाऱ्यांचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक होते, आणि त्रासामुळे रोजच्या व्यवहारात फार अडचण येते असे म्हणणारे एक टक्क्याहूनही कमी. हे आकडे परस्परविरोधी नाहीत, आणि म्हणूनच ते विचार करायला लावतात. जवळजवळ निम्म्यांनी काहीतरी गमावले आणि जवळजवळ सर्वजण समाधानी आहेत. पहिला आकडा दाखवणारा भीती घालतो, दुसरा दाखवणारा ग्राहक मिळवतो. मी साहित्याचा विद्यार्थी. मला या दोहोंच्या मधल्या जागेत रस आहे. समाधान कशाचा पुरावा मानायचे? चष्मा गेल्याचा लाभ वलयांहून मोठा आहे, असे त्या माणसाने तोलून ठरवले असेल. किंवा जे परत करता येत नाही त्याच्याशी माणसाचे मन जुळवून घेते, एवढेच घडले असेल. बाहेरून पाहणाऱ्याला यातला भेद ओळखता येत नाही. आतून पाहणाऱ्याला येतो का, याचीही मला शंका आहे.

एल. ए. पॉल या अमेरिकी तत्त्वज्ञ विदुषीने २०१४ सालच्या आपल्या ग्रंथात अशा निर्णयांचा विचार केला आहे, ज्यांतून माणूसच बदलतो. मूल होऊ द्यावे का, हे तिचे एक उदाहरण. मूल झाल्यावर जे व्यक्तित्व घडेल त्याच्या आवडीनिवडी आज ठाऊक नसतात. मग आजच्या मापाने उद्याच्या सुखाचे मोजमाप कसे करणार? लेसरचा निर्णय इतका आमूलाग्र खासच नाही. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्याला चष्म्याविना जगाची चव आधीच मिळालेली असते. पण पॉलच्या विवेचनातले एक तत्त्व इथेही लागू पडते : निर्णयानंतर समाधान मानणारा माणूस हा निर्णयापूर्वीच्या माणसाचा निःपक्षपाती साक्षीदार नसतो.

आणि हे नकार देणाऱ्यालाही तितकेच लागू आहे. येथे मला २००१ च्या त्या दिवसाकडे परत जाणे भाग आहे. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. पुण्यात एका दवाखान्यात सर्व तपासण्या झाल्या होत्या, डोळे योग्य ठरले होते, दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली होती. गेली चोवीस वर्षे मी विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना सांगत आलो, की डॉक्टरांनी मला सावध केले : लांबचे चष्म्याविना दिसेल, पण या वयात वाचायला चाळीशी लागेल. वाचन हा ज्याचा धर्म त्याने जवळची उघडी दृष्टी देऊन दूरची का घ्यावी, असा विचार करून मी परतलो. यातील प्रत्येक विधान खरे आहे. क्रम मात्र खोटा आहे. मी परतलो तो संमतिपत्र वाचून घाबरल्यामुळे. पेन हातात होते आणि बोटे गार पडली होती. बाहेर येऊन स्वारगेटला कोल्हापूरची एस.टी. पकडली, आणि खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत वाचनाचा तो युक्तिवाद तयार झाला. तो इतका चांगला जमला, की पुढे माझाही त्यावर विश्वास बसला. ९५ टक्के समाधानी लोकांकडे संशयाने पाहणारा मी, माझ्या स्वतःच्या समाधानाची उलटतपासणी कधी केली नव्हती.

ती केली २०१९ च्या ऑगस्टने. पंचगंगेच्या महापुरात आमच्या जुन्या घरात रात्री पाणी शिरले. दिवे गेलेले. होडीत उतरताना माझा चष्मा पाण्यात पडला. दुसरा चष्मा टेबलाच्या खणात, आणि टेबल पाण्याखाली. पुढचे दोन दिवस एका शाळेतल्या निवाऱ्यात मी माणसे आवाजावरून ओळखत होतो. पायरी कोठे संपते ते कळत नव्हते. पुतणी तेव्हा अठरा वर्षांची होती. तिने माझा हात धरून मला जेवणाच्या रांगेत नेले, नळावर नेले. वाचण्यासारखे काही जवळ नव्हते, त्यामुळे वीतभर जगाचे ते प्रसिद्ध वैभव कोणत्याच कामाचे नव्हते.

म्हणून तिला मी उलट विचारले, की तुला हे का करायचे आहे? लग्नाचे कारण आईने पुढे केले होते, आणि ते कारण हीन म्हणून झटकून टाकणे सोपे असले तरी अन्यायाचे होईल. ‘मुलीला चष्मा आहे का?’ हा प्रश्न आपल्या समाजात विचारला जात आला आहे; मुलाला तो क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाला शरण जाऊन डोळ्याचा पडदा तासून घेणे मला अपमानास्पद वाटते. पण त्या अपमानाची किंमत मी मोजत नाही, ती मोजते. शिवाय समाजाचे मागणे एकाच दिशेने नसते. भारतीय रेल्वेत सहायक लोको पायलटच्या पदासाठी लेसिक करून घेतलेला उमेदवार अपात्र ठरतो. एकाच डोळ्याला एका दारात पसंती आणि दुसऱ्या दारात नकार! तेव्हा इतरांच्या पसंतीवर हा निर्णय टेकवणे व्यवहारालाही धरून नाही. पुतणीचे उत्तर मात्र वेगळे निघाले. दिसण्यासाठी म्हणाल तर समारंभाला मी लेन्स लावतेच, ती म्हणाली. त्याला शस्त्रक्रिया कशाला हवी? मग थोडे थांबून म्हणाली, ‘‘काका, त्या रात्री तुमचा चष्मा पडला. माझा पडला असता तर आपल्या दोघांना कोणी नेलं असतं?’’

या कारणाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिची इच्छा निखळ तिचीच आहे का, हे मी शोधीत होतो. आणि तिच्या इच्छेच्या तळाशी माझेच चाचपडणे निघाले. इच्छा स्वयंभू असावी, अशी अपेक्षा आपण तात्त्विक चर्चेत करतो. प्रत्यक्षात ती कोणाच्या तरी हाताला धरून येते. तिला मी एवढेच सांगितले, की जोड चष्मा पिशवीत ठेवणे हाही त्या रात्रीवरचा एक उपाय आहे, आणि तो विचारात घेऊन मग ठरव. ती हसली. २००१ च्या प्रश्नाचे खरे उत्तरही मी तिला दिले. ते ऐकून तिला आश्चर्य वाटले नाही, याचे मला आश्चर्य वाटले.

या दरम्यान माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारले, कृत्रिम भिंग कोणत्या अंतरासाठी बसवू, लांबच्या की जवळच्या? दोन्ही अंतरे देऊ करणारी भिंगेही आहेत, पण त्यांत दिव्यांभोवतीची वलये आणि दृश्याचा थोडा फिकेपणा पत्करावा लागतो. २००१ साली जो प्रश्न मी टाळला तोच सहासष्टाव्या वर्षी पुन्हा समोर आला, आणि आता परतीची एस.टी. नाही, मोतीबिंदू काढलाच पाहिजे. मी जवळचे अंतर मागितले आहे. उणे अडीच नंबर शिल्लक ठेवायचा, म्हणजे चाळीस सेंटिमीटरवरचे पान उघड्या डोळ्यांनी वाचता येईल आणि रस्त्यावर चष्मा लावावा लागेल. या वेळी मागताना मी घाबरलो नव्हतो. म्हणून निवड अधिक शहाणपणाची झाली असे मात्र मला म्हणता येत नाही.

त्याच भेटीत एक उपयुक्त गोष्ट कळली, ती मी पुतणीला सांगितली. ज्यांच्या पारपटलाचा आकार लेसरने बदललेला असतो, त्यांना पुढे मोतीबिंदू झाल्यावर कृत्रिम भिंगाची शक्ती ठरवताना नेहमीची सूत्रे चुकतात. आता त्यासाठी नवी सूत्रे निघाली आहेत, तरी शस्त्रक्रियेपूर्वीची मोजमापे हाताशी असणे उपयोगाचे ठरते. म्हणून तिला म्हटले, शस्त्रक्रिया कर वा करू नकोस, ही फाइल टाकू नकोस. तू माझ्या वयाची होशील तेव्हा कोणीतरी डॉक्टर तुझ्याकडे ती मागेल. तिने नकाशांच्या छायाप्रती काढल्या. एक संच स्वतःजवळ ठेवला आणि दुसरा माझ्या कपाटात, पुराच्या रेषेच्या वरच्या फळीवर, ठेवून गेली. संमतिपत्र तिच्याजवळच आहे. त्यावर अजून सही झालेली नाही.